मदत हवी आहे : गाडीला कोणी सेल्फ मारला हे कसे सिद्ध करावे? पुराच्या पाण्यामुळे इंजिनचा क्लेम नाकारला आहे

नमस्कार. माझ्या गाडीच्या विम्यासंबंधी मार्गदर्शन हवे आहे. दुरुस्तीला परवानगी आहे की नाही, हे वर्कशॉपला सोमवारपर्यंत लेखी कळवायचे आहे. परवानगी दिली तर इंजिनचे १,२८,००० रुपये मला भरावे लागतील. म्हणून जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहीत आहे.

गाडी पेट्रोलची, १२०० सीसीची, हाताने गिअर टाकण्याची हॅचबॅक असून तिला पावणेचार वर्षे झाली आहेत. पॉलिसी सर्वसमावेशक आहे आणि तिच्यावर झिरो डेप (भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले आहे. इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी शिरून होणाऱ्या इंजिनच्या नुकसानीचे जादा संरक्षण, मात्र घेतलेले नाही. नूतनीकरणाच्या वेळी एजंटने त्याची गरज नसल्याचे सांगितले आणि मी ते मान्य केले. शीवला गांधी मार्केटच्या मागे राहणाऱ्या माणसाने ते मान्य करायला नको होते, हे आता मला कळते आहे.

जुलैमधल्या त्या रात्री मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. समुद्राची पातळी वर असली की पर्जन्यवाहिन्यांतले पाणी बाहेर पडत नाही आणि आमचा सखल भाग भरत जातो. वॉचमनने अडीच वाजता बेल वाजवली तेव्हा आवारात कमरेपर्यंत पाणी होते आणि गाडीची पुढची नंबर प्लेट बुडालेली होती. थोड्याच वेळात बेस्टने खबरदारी म्हणून वीज बंद केली. त्यामुळे पावणेतीनपासून सकाळी नऊपर्यंतचे सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण उपलब्ध नाही.

गाडीची किल्ली त्या रात्री घरातल्या खुंटीवरून हललीसुद्धा नाही. माझ्या वडिलांनी ३४ वर्षे काळी-पिवळी टॅक्सी चालवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्यांची पद्मिनी दोन दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर शेजारच्या ज्या गाड्यांना घाईने सेल्फ मारला गेला, त्यांची इंजिने गेली. बाबांनी आधी बॅटरी सोडवली, मग प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, दोनदा ऑइल बदलले आणि त्यानंतरच इंजिन चालू केले. ती टॅक्सी पुढे पाच वर्षे चालली. पाणी लागलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, हे आमच्या घरात सांगावे लागत नाही.

सकाळी आठच्या सुमारास पाणी उतरल्यावर बाबांनी बॉनेट उघडले, १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बाजूला वळवून ठेवली. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची काडी, हीही काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या बरेच वर गेले होते आणि काडीच्या अगदी टोकाला स्वच्छ पाण्याचे थेंब लटकत होते. क्लेमसाठी लागतील म्हणून मी या सगळ्याचे फोटो काढले. ९ वाजून २० मिनिटांनी विमा कंपनीकडे फोनवर क्लेम नोंदवला. दुपारी टोइंगची फ्लॅटबेड आली. स्टिअरिंगचे लॉक सोडवण्यापुरती किल्ली फिरवून चालकाने गाडी विंचने वर ओढून घेतली.

मी रिक्षाने मागोमाग गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पोहोचले. पावसामुळे तिथे गाड्यांची रांग लागलेली होती. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने टॅबलेटवर जॉब कार्ड भरले, मी बोटाने सही केली आणि त्याची प्रत रात्री ईमेलवर आली. ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिले होते : ‘पाणी भरले आहे. गाडी स्टार्ट होत नाही.’ यातले दुसरे वाक्य माझे नाही. मी त्यांना एवढेच सांगितले होते की गाडी पाण्यात होती, बॅटरी सोडवलेली आहे आणि विम्यासाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर येईपर्यंत ती चालू करू नये. परंतु सही करण्यापूर्वी मी तो रकाना वाचला नाही.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. इंजिन उघडल्यावर दोन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारे रॉड) वाकलेले निघाले. एकूण एस्टिमेट २,१४,००० रुपयांचे आहे. त्यातले इंजिनचे १,२८,००० रुपये पूर्णपणे नाकारले गेले. उरलेल्या ८६,००० मधून सक्तीची १,००० रुपयांची वजावट आणि ऑइल, कूलंट वगैरेंचे ६,५०० रुपये वजा करून ७८,५०० रुपये मंजूर झाले. नकाराचे कारण असे दिले आहे की पाणी शिरलेले इंजिन विमाधारकाने चालू करण्याचा प्रयत्न केला आणि त्यातून परिणामजन्य नुकसान (थेट पुराने नव्हे, तर नंतरच्या कृतीमुळे झालेले) झाले, जे पॉलिसीत समाविष्ट नाही. पुरावा म्हणून जॉब कार्डवरच्या त्या वाक्याचा उल्लेख केला आहे : गाडी स्टार्ट होत नाही हे ग्राहकाला कळले, त्याअर्थी ग्राहकाने ती स्टार्ट करून पाहिली.

वर्कशॉपचे म्हणणे आहे की त्यांनी गाडी फक्त ढकलून आत घेतली. विमा कंपनी म्हणते की जॉब कार्डवर तुमची सही आहे. गाडी आत आणल्यावर कोणीतरी तिला सेल्फ मारला असावा असे मला वाटते, परंतु मी तिथे नव्हते आणि पुराव्याशिवाय कोणावर आरोप करण्याची माझी इच्छा नाही. बाबांचे वय ७१ आहे. तुमच्याच घरातल्या कोणीतरी सेल्फ मारला असेल, असे फोनवर त्यांना सांगण्यात आले. ते त्यांना फार लागले आहे.

माझ्यापुढचे प्रश्न असे आहेत. माझी सही असलेल्या जॉब कार्डवरील चुकीचे वाक्य आता खोडून काढता येईल का? मी विमा कंपनीशी भांडावे की वर्कशॉपशी? वाद चालू असताना दुरुस्तीला परवानगी दिली तर माझा हक्क जातो का? वर्कशॉपने आठवड्यानंतर रोजचे पार्किंग शुल्क लावण्याची सूचना दिली असल्यामुळे गाडी तिथे अनिश्चित काळ ठेवणेही परवडणारे नाही.

प्रतिसाद

ताई, माझे लालबागला गॅरेज आहे आणि दर पावसाळ्यात अशा पाच-सहा गाड्या तरी माझ्याकडे येतात. कायद्याचे जाणकार सांगतील, मी इंजिनपुरते सांगतो.

उभ्या गाडीचा रॉड पाण्याने वाकत नाही. इंजिन बंद असताना सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर गंज धरेल, ऑइल खराब होईल, पण रॉड वाकण्यासाठी पिस्टन वर यावा लागतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, म्हणून सगळा भार रॉडवर येतो. म्हणजे इंजिन फिरवले गेले हे सर्व्हेअरचे म्हणणे बरोबरच आहे. ते कोणी आणि केव्हा फिरवले, एवढाच मुद्दा आहे. नुसत्या सेल्फने बहुतेक वेळा सेल्फच अडकतो. दोन रॉड वाकले आहेत, त्या अर्थी एखाद्या सिलिंडरने क्षणभर का होईना पेट घेतला असावा किंवा पुन्हा पुन्हा सेल्फ मारला गेला असावा.

तुम्ही डिपस्टिकबद्दल जे लिहिले आहे, त्याकडे तुमचे स्वतःचेच नीट लक्ष गेलेले दिसत नाही. पाणी ऑइलपेक्षा जड असते, म्हणून न फिरलेल्या इंजिनमध्ये ते चेंबरच्या तळाशी वेगळे साचते आणि ऑइल वर तरंगते. काडीच्या टोकाला स्वच्छ पाणी आणि वर नेहमीच्या रंगाचे ऑइल याचा अर्थ तोपर्यंत इंजिन फिरलेले नव्हते. इंजिन फिरले की दोन्ही घुसळून दुधाच्या चहासारखा रंग येतो. इंजिन उघडताना काढलेल्या ऑइलचा फोटो वर्कशॉपकडे असलाच पाहिजे, तो मागून घ्या. टोइंगच्या धक्क्यांनी ऑइल थोडेसे ढवळते, त्यामुळे हा एकच पुरावा पुरेसा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु बॅटरीच्या तारेचा फोटो त्याला जोडून पाहा. तार निघालेली असताना सेल्फ लागणे शक्य नाही. गाडी गेटमधून आत आली तेव्हा तार निघालेली होती आणि सर्व्हेअरच्या फोटोत ती जोडलेली दिसली, तर ती मधल्या काळात वर्कशॉपमध्येच कोणीतरी जोडली. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी आणि बॉनेट उघडून फोटो काढण्याची पद्धत अधिकृत वर्कशॉपमध्ये असते. ते फोटो आजच मागा.

आणखी एक. वाकलेले रॉड, जुने पिस्टन आणि एअर फिल्टर भंगारात जाऊ देऊ नका. त्यांवर गाडीचा नंबर लिहून ते वेगळे ठेवायला लेखी सांगा. बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी जे केले ते अगदी बरोबर केले.

प्रतिसाद

मी विमा क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. वरच्या प्रतिसादातील तांत्रिक भाग माझ्यापेक्षा त्यांना अधिक कळतो, म्हणून मी फक्त क्रम सांगतो.

पॉलिसीत पूर हे संरक्षित संकट आहे. परिणामजन्य नुकसान वगळलेले आहे, आणि अधिक नुकसान होऊ नये यासाठी वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी विमाधारकावर टाकलेली आहे. आपण बॅटरी सोडवली, गाडी उचलून नेली आणि त्याच सकाळी कळवले, म्हणजे ती जबाबदारी पूर्ण केली, हे पत्रात ठळकपणे यायला हवे. इंजिन प्रोटेक्शन नसल्यामुळे कंपनी शेवटपर्यंत अडून बसू शकते, हेही मनात धरून ठेवा. म्हणूनच वर्कशॉपची जबाबदारी वेगळी मांडणे आवश्यक आहे. दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तितक्या काळजीने सांभाळणे, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार वर्कशॉपचे कर्तव्य आहे.

जॉब कार्ड खोडू नका. ते वाक्य आपले नाही, आपण प्रत्यक्षात काय सांगितले होते आणि त्याला आधार कोणते फोटो आहेत, हे आजच्या तारखेने दोघांनाही ईमेलने कळवा. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करा आणि सर्व्हे अहवालाची प्रत मागा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गावर आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र तेच प्रकरण ग्राहक आयोगात दाखल केलेले असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळे रागाच्या भरात दोन्हीकडे अर्ज करू नका. वर्कशॉपविरुद्धची तक्रार लोकपालांच्या कक्षेत येत नाही. ती जिल्हा ग्राहक आयोगात करावी लागते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.

दुरुस्तीला परवानगी द्यायची असेल तर ‘हक्क राखून, निषेध नोंदवून’ असे स्पष्ट लिहूनच द्या, आणि क्लेमची पूर्ण व अंतिम पूर्तता झाल्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क वर्कशॉपला असतो, हे ध्यानात ठेवून पैशांची सोय करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल बाबांना सोबत घेऊन वर्कशॉपमध्ये गेले आणि प्रवेशाच्या वेळचे फोटो लेखी मागितले. सुरुवातीला टाळाटाळ झाली. नंतर व्यवस्थापकांनी संगणकावर फोटो उघडून दाखवले आणि त्याच्या प्रती ईमेलने दिल्या. दुपारी ३ वाजून १० मिनिटांच्या फोटोत बॉनेट उघडे आहे आणि आमची भाजीच्या दुकानातली हिरवी पिशवी बॅटरीच्या बाजूला तशीच गुंडाळलेली स्पष्ट दिसते. सर्व्हे अहवालासोबतच्या तिसऱ्या दिवशीच्या फोटोत पिशवी नाही आणि तार बॅटरीवर घट्ट बसवलेली आहे. काढलेल्या ऑइलच्या फोटोत ऑइल फिक्या तपकिरी रंगाचे, फेसाळ आहे. व्यवस्थापक बराच वेळ दोन्ही फोटो पाहत राहिले आणि चौकशी करून कळवतो एवढेच म्हणाले. रॉड त्यांनी पोत्यात बांधून, नंबर लिहून, बाबांच्या समोर बाजूला ठेवले आहेत.

विमा कंपनीला फेरविचाराचा अर्ज सगळ्या फोटोंसह काल रात्री ईमेलने पाठवला आणि आज सकाळी शीवच्या पोस्टातून स्पीड पोस्टनेही रवाना केला. दुरुस्तीची परवानगी अद्याप दिलेली नाही. आपण सांगितल्याप्रमाणे हक्क राखून परवानगी देण्याचे पत्र लिहिते आहे, ते सोमवारपूर्वी इथे दाखवते. तोपर्यंत एवढेच सांगावे : लोकपालांसाठीचा एक महिना ईमेल पाठवल्या दिवसापासून धरायचा, की स्पीड पोस्ट कंपनीला पोहोचल्याच्या तारखेपासून?