सोडणारे आळशी नसतात

लिफ्टवाली : परवा एका धाग्यावर वाचलं, "ऑनलाइन थेरपी अर्धवट सोडणाऱ्यांना मुळात बरंच व्हायचं नसतं. घरबसल्या मिळतंय, तरी आळस." दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

राहते नवव्या मजल्यावर, आणि लिफ्टची भीती. दूध आणायलाही जिना. आठपैकी पाच सेशन्स केली. पहिली चार भीतीची शिडी लिहिण्यात गेली : लिफ्टचा फोटो, मग दारात उभं राहणं, मग एक मजला. पाचव्याला इअरफोन घालून आत शिरले. दार मिटलं आणि समुपदेशक बोलत असतानाच आवाज तुटला. लिफ्टमध्ये रेंजच नाही! दार उघडलं तेव्हा मी आतली दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते. पुढच्या मंगळवारी फोन वाजत राहिला, उचलला नाही. हा आळस?

सनईवाला : ते वाक्य माझं, आणि मी मागे घेत नाही. भीती चढली की माणूस क्लिनिकमधूनही पळतो. मला सुईची भीती. रक्त काढताना चक्कर यायची. दंड, मांड्या, पोट आवळायचं, चेहरा गरम झाला की सोडायचं, पुन्हा आवळायचं, हे मी व्हिडिओवरच शिकलो. गेल्या महिन्यात शुगर तपासली, चक्कर नाही.

लिफ्टवाली : तुमचं काम रक्तदाब पडू न देण्याचं, ते खुर्चीत बसून शिकता येतं. लिफ्ट खुर्चीपाशी येत नाही.

समुपदेशक_नाशिक : स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांची भीतीवर एका बैठकीत उपचार करण्याची पद्धत आहे, तीन तासांपर्यंत चालते. थेरपिस्ट शेजारी असतो, भीती ओसरेपर्यंत थांबतो. पाऊण तासाच्या कॉलमध्ये भीती चढते आणि वेळ संपते. नुसते धडे पाठवून कुणी विचारपूस करत नाही, तिथे गळती जास्तच. लिफ्टवाली, रेंज जाईल हे समोरच्याने आधी बोलायला हवं होतं. पण फोन उचलून तेवढं सांगायला हवं होतंत.

डोंबिवलीकर : रेंज राहू द्या, भाषेचं बोला. आईला पालीची भीती. अ‍ॅप विचारतं, "डिस्ट्रेस 0 ते 100 मध्ये किती?" आई म्हणाली, "पोटात गोळा येतो, त्याचे मार्क किती लिहू?" दुसऱ्या आठवड्यात बंद.

सनईवाला : सबबी! मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी टेली-मानस (14416) 2022 पासून आहे, मराठीतही.

डोंबिवलीकर : मदतवाहिनी आणि आठ आठवडे रोजचा सराव एक कसे? आणि सबब कुणाला म्हणताय? दोन खोल्यांत सहा माणसं. आई गॅलरीत बसून कुजबुजत बोलायची, पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत असायची. माझ्या आईबद्दल जपून बोला.

समुपदेशक_नाशिक : आकडा सोडा. मी विचारते, "पाल भिंतीवर आहे, तुम्ही दारात. आत जाल की मागे फिराल?" बायका लगेच सांगतात.

डोंबिवलीकर : मग अ‍ॅपवाल्यांनी हेच लिहायला काय जातं? भाषांतर करतात, पण पोटातला गोळा त्यांना माहीतच नाही.

सनईवाला : आईंबद्दल बोललो नव्हतो. बरं, "आळस" शब्द चुकला, घ्या. मधेच सोडू नये, यावर मात्र ठाम आहे.

लिफ्टवाली : शब्द मागे घेतलात, तेवढं पुरे. रविवारी बहीण येतेय. ती बाहेरून दार धरेल, मी आत उभी राहीन. माझ्या समुपदेशकांना मेसेज टाकलाय.

समुपदेशक_नाशिक : बहिणीने दार सोडायचं कधी, तेही आधीच ठरवून घ्या.