शब्दचर्चा: केरिसच्या पात्याचं 'वरंगन' – मराठीत काय म्हणावं?

तळटीप: जावाच्या केरिस या खंजिरावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. पात्यावरची नक्षी पुसट झाली की ती सोमल (आर्सेनिकचं विष) आणि लिंबाच्या रसाने परत उठवतात. त्या द्रावाला तिकडे 'वरंगन' म्हणतात. मसुद्यात 'पुन्हा रंग दिला' होतं, तपासणाऱ्यांनी 'मुलामा दिला' केलं. दोन्ही खटकतं. आणि एखाद्याच जागी केलेल्या दुरुस्तीला काय म्हणू? डागडुजी?

कानस: मुलामा साफ चूक. मुलाम्यात वरून दुसऱ्या धातूचा थर बसतो. इथे पात्यातच असलेल्या दोन धातूंमधला फरक दाखवायचा असतो: लोखंड काळवंडतं, निकेलचे थर पांढरे राहतात. 'जौहर उठवणे', म्हणजे पोलादातली लहरींची नक्षी उघड करणे, हा तलवारींचा तयार शब्द असताना नवा कशाला?

पोलादी: जौहर मुशीतल्या पोलादाच्या अंगचा असतो, पोलाद थंड होताना जमतो. केरिसवरचा 'पामोर' घडाईचा, थरावर थर ठोकून केलेला. जावातल्या प्रंबानान मंदिरांजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड सुरकार्ताच्या दरबारी लोहारांनी याचसाठी वापरलं. शिवाय जौहर उठवायला हिराकस (लोखंडाचा क्षार) लागतो, सोमल नव्हे.

व्युत्पत्तीवेडा: वरंगन म्हणजे सरळ सरळ 'वर्ण'. 'लोहरंजन' म्हणा, रञ्ज् धातूचा मूळ अर्थ रंगवणेच आहे.

कानस: लोहरंजन वाचून लोक तिकीट काढायला येतील. आणि 'वर्ण'चं जावी रूप 'वर्ना' आहे. वरंगन म्हणजे सोमलच, मग द्रावालाही तेच नाव. फक्त छापताना 'वारांगन' करू नका, पुढे काना लागायला वेळ लागत नाही.

रिठा: शब्द ठरवण्याआधी क्रिया बघा, कारण एका शब्दात ती मावत नाही. आधी मूठ सोडवायची. ती 'पेसी'वर, म्हणजे पात्याच्या शेपटावर, चिंधी गुंडाळून घट्ट बसवलेली असते, म्हणून हळूहळू पिळत काढायची. मग पातं नारळाच्या पाण्यात बुडवायचं. गंजाप्रमाणे दोन-तीन दिवस ते आठवडा, पण रोज काढून बघायचं, नाहीतर आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि थर खड्ड्यांसारखे उघडे पडतात. मग लिंबू आणि 'लेराक'ने, म्हणजे आपल्या रिठ्याच्याच भावकीतल्या फळाने, ब्रशने घासायचं. पातं चांदीसारखं पांढरं झालं की 'मुतिह' झालं. स्वच्छ धुवून पूर्ण कोरडं करायचं, बोटसुद्धा लावायचं नाही.

आता वरंगन. लिंबू कागदीच, रस गाळून घेतलेला, गर राहिला तर ठिपके उठतात. पांढरा सोमल थंड पाण्यात १०० मिलीला जेमतेम २ ग्रॅम विरघळतो, म्हणून घाईत केलेल्या द्रावात तळाशी कणी राहते आणि पातं चट्ट्याचट्ट्यांनी काळं पडतं. एक तर पातं द्रावात बुडवून ठेवायचं ('कोलोह'), नाहीतर ब्रशने लावून चोळायचं ('न्येक'), धुवायचं, टिपायचं, परत लावायचं. काम उन्हात करतात, ढगाळ दिवशी रंग मळकट येतो. रस नीट धुतला गेला नाही तर पिवळट झाक राहते आणि पुढच्या दमट हवेत तिथूनच गंज सुरू होतो. शेवटी चंदनाचं तेल. आम्ल, लोखंड आणि सोमल एकत्र आले की आर्साइन वायू निघू शकतो, तेव्हा हातमोजे हवेत, जागा उघडी हवी आणि उरलेला द्राव मोरीत ओतायचा नाही.

तळटीप: आणि एका जागीच करायचं असेल तर?

रिठा: सहसा फसतं. जुन्या तेलावर द्राव धरत नाही, तेल काढलं तर त्या जागेची कड उठून दिसते. म्हणून जाणकार सगळं पातं 'मुतिह'पासून परत करतात. त्यामुळे पुस्तिकेत 'डागडुजी' असेल तर आधी मूळ मजकूर तपासा. डागडुजी छपराची.

पोलादी: 'सोमल'बद्दल शंका आहे. जुन्या पद्धतीत आर्सेनिकचं खनिज वापरायचे, ते तांबडं असेल तर मनशीळ, पिवळं असेल तर हरताळ. सगळ्याला सोमल म्हणणं म्हणजे सगळ्या पिठांना कणीक म्हणणं.

व्युत्पत्तीवेडा: हरताळ! मग 'हरताळ फासणे' इथे शब्दशः बसतंय की.

कानस: तो पोथीतलं अक्षर खोडायला फासायचे. इथे नक्षी उठवायची आहे, अर्थ नेमका उलटा.

शकमित्र: विषय निघालाच आहे म्हणून: हे विधिपूर्वक धुणं, 'जमासान', तिकडे सुरो महिन्यात होतं. सुरो म्हणजे मोहरम, 'आशुरा'वरून. पण वर्ष शकाचं! जावाच्या माताराम राज्याचा राजा सुलतान अगुंग याने १६३३ मध्ये पंचांग चांद्र केलं, आकडा मात्र शके १५५५ चाच पुढे चालवला.

पोलादी: म्हणजे आज त्यांचा शक आपल्या पुढे असणार. चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान.

शकमित्र: पुढेच आहे, सुमारे बारा वर्षांनी. अधिक मास नाही ना त्यांच्यात.

व्युत्पत्तीवेडा: 'जमासान' 'घमासान'वरून नसावं ना?

कानस: नाही हो.