थाळनेरचं सागवानी घर विकायचंय, आधी काय करावं?

तापीकाठ
राम राम मंडळी. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला आमचं बारा खणांचं (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा) धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर आहे, खांब-तुळया सगळं सागवान. फारुकी सुलतानांच्या कबरी, संरक्षित स्मारक, जवळच, बहुतेक शंभर मीटरच्या आत. घर अजून वडिलांच्या नावावर, ते वारले. आई नाही, आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. डागडुजीला पन्नास हजारांच्या वर जमणार नाही. आधी लाकूड विकून मग मोकळी जागा विकावी का?

सातपुडा_सुतार
आधी लाकूड मोजा. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणाकाराला 144 ने भागा, आले घनफूट. 12 फुटी, 8 बाय 6 ची तुळई 4 घनफूट भरते. व्यापारी खाचा आणि किडकी टोकं वजा करतो, म्हणून माप खडूनं तुळईवरच लिहून ठेवा. जुन्या सागाला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

गावठाण_नकाशा
भाऊ, लाकडाला हात लावू नका! संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगी काढून बांधकामाचं. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम नाही आणि पाडून पुन्हा उभारणंही नाही. 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या घराला मात्र परवानगी काढून दुरुस्ती करता येते. म्हणजे जी काही किंमत आहे ती उभ्या घराची. ते उतरवलं की खाली उरते ती मेलेली जागा. विक्रीला कायद्यानं बंदी नाही. अंतर कबरीच्या भिंतीपासून धरू नका, संरक्षित जागेच्या हद्दीपासून मोजून घ्या.

सातपुडा_सुतार
मोजायला सांगितलं, विका म्हटलं नाही. आणि सागवान गाडीत घालायचं तर वनखात्याचा वाहतूक पास लागतो, हेही लक्षात ठेवा.

धाबेवाली_आक्का
दादा, धाब्यावरची माती आधी उतरवा. दरवर्षी खारी माती टाकून थर हातभर होतो, त्या ओझ्यानं तुळई मधोमध वाकते. वरून लोखंडी सांगाडा आणि पत्रा करून घ्या, दोन-अडीच लाखांत होईल.

गावठाण_नकाशा
आक्का, त्यांनी पन्नास हजार सांगितलेत. शिवाय पत्र्याचा सांगाडा म्हणजे छपराचा बदल, परवानगीशिवाय नको. विनापरवाना कामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

धाबेवाली_आक्का
मग गळू द्यायचं का घर? पन्हळी तरी साफ करा. पाणी भिंतीत मुरलं की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी सडतं, बाहेरून रंग चांगला दिसतो. पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड गेलं. खांबाचा बुंधाही तळखड्याजवळ (खांबाखालच्या दगडाजवळ) असाच तपासा. वाळवी तिथूनच चढते.

नमुना_आठ
लाकूड, पत्रा नंतर. नमुना 8 म्हणजे मालकी नव्हे, ती घरपट्टीची नोंद. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा. वारस नोंद करा. बहिणीचा हिस्सा तुमच्याइतकाच. तिला सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, साध्या कागदावरची सही चालत नाही. नाहीतर विक्रीला तिचीही सही. दुय्यम निबंधकाकडून जुन्या दस्तांचा 30 वर्षांचा शोध घ्या. खरेदीखताची नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000 रुपये.

हिशेबी
कर विसरू नका. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत खरेदी म्हणून धरता येते, तिचा मूल्यांकन अहवाल करून घ्या. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर नफ्यावर सूट मिळते.

सातपुडा_सुतार
तरी सांगतो, कोरीव चौकट आणि नक्षीच्या खांबांचे फोटो जवळून घ्या. नाशिक-पुण्याकडं अशा घराला हौशी गिऱ्हाईक आहे.

गावठाण_नकाशा
हे मात्र बरोबर. जाहिरातीत "प्रतिबंधित क्षेत्रात, दुरुस्ती परवानगीनं" असं स्पष्ट लिहा. लपवलं तर गिऱ्हाईक इसार दिल्यावर फिरतं.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. काल पेचकस घेऊन फिरलो. बारापैकी दोन खणांत तुळईची टोकं भुसभुशीत, बाकी टणक. लाकूड विकणार नाही, पत्राही टाकणार नाही. जाहिरातही देत नाही. शेजारचा चुलतभाऊ राहायला मागतोय, किंमत कमी देतोय, पण घर जसं आहे तसं उभं ठेवीन म्हणतो. त्यालाच देणार. वारस नोंदीचा अर्ज सोमवारी देतोय, ताईची सही खरेदीखतावरच घेऊ. दोन खणांच्या दुरुस्तीचा परवानगी अर्ज तो स्वतःच्या नावानं करेल, तेवढं खरेदीखतात लिहून घेतो.