यान, टान, टेथेरा: मेंढ्या मोजायच्या आकड्यांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. उत्तर इंग्लंडमधल्या कम्ब्रिया-यॉर्कशायर भागात मेंढपाळ मेंढ्या मोजताना वन-टू-थ्री म्हणत नसत. यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप असं वीसपर्यंत मोजायचे. ही मोजणी आता व्यवहारातून गेली, पण मी तिच्या पार प्रेमात पडलोय.

पाचाला पिंप, वेल्सच्या वेल्श भाषेतही पाचाचा उच्चार जवळपास तोच. दहाला डिक, वेल्शमध्ये देग. सगळ्यात भारी पंधरा: बमफिट. सोळा म्हणजे यान-अ-बमफिट, पंधरावर एक. वेल्श माणूस सोळा अगदी असाच बांधतो! सेथेरा-लेथेरा (सहा-सात) मात्र वेल्शशी जुळत नाहीत. ते यमकासाठी घडले असावेत असं मला वाटतं.

अडलंय ते इथे: इंग्रजी येण्याआधी तिथे बोलल्या जाणाऱ्या केल्टिक (वेल्शच्याच कुळातल्या) भाषेचा हा अवशेष, की मागाहून वेल्समधून आलेली मोजणी? दोन्ही मतं वाचली, निकाल लागत नाही. इथे कुणी वेल्श शिकलंय का? आणि जोसेफ राइट यांचा १८९८ ते १९०५ मध्ये निघालेला सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश कुणाच्या ग्रंथालयात आहे का? त्यात या आकड्यांची नोंद सापडली, तर कृपया त्या पानाचा फोटो टाका.