शाळा, क्लास आणि गिरणी: सातवीतल्या मुलाच्या शिक्षणाचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: गिरणीवाली

नमस्कार. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो आणि आमची पिठाची गिरणी आहे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत शिकतो. शाळा सुटल्यावर तो रोज दोन तास गिरणीवर असतो. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावतो, दळण तोलतो, पैसे घेऊन सुटे परत देतो.

गेल्या घटक चाचणीत त्याला गणितात २० पैकी ७ गुण मिळाले. उत्तरपत्रिका पाहिली, तर ३.२५ × ६ या गुणाकाराचे उत्तर त्याने १९५.० लिहिले होते. आमचा ज्वारीच्या दळणाचा दर किलोला सहा रुपये आहे. त्याच आठवड्यात शेजारच्या आजींचे सव्वातीन किलोचे दळण तोलून, माझ्याकडे न बघताच, त्याने "साडेएकोणीस रुपये" असे सांगितलेले मी स्वतः ऐकले होते.

मुलाला गिरणीवर बसवू नये, क्लास लावावा, असे यजमानांचे म्हणणे आहे. सासऱ्यांच्या मते गिरणी चालवण्यापुरते त्याला आत्ताच येते. मला दोन्ही पटत नाही. गिरणीवर तो जे शिकतो ते शिक्षणच असेल, तर ते उत्तरपत्रिकेत का उतरत नाही? आणि क्लास लावल्याने ते उतरेल का?

उत्तर १: निवृत्त गुरुजी

ताई, आपल्या मुलाचे गणित कच्चे नाही, त्याचे दशांशचिन्ह कच्चे आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या वडिलांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करावे लागत. औट म्हणजे साडेतीन. बाजारातला व्यवहार आणि वर्गातला पाढा यांचे शब्द एकच असल्यामुळे मूल एकीकडचे दुसरीकडे सहज नेत असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग मापेही दशमान झाली आणि हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. ते योग्यच झाले, कारण दशांश पद्धत हिशोबाला फार सोपी आहे. परंतु आपल्या तोंडात अजून सव्वा, दीड आणि पावणेदोनच आहेत. आपला मुलगा तोंडाने सवायकी बोलतो आणि कागदावर दशांश मांडतो; त्या दोहोंची गाठ त्याला कोणी घालून दिलेली नाही. वर्गावर असताना मीही ती क्वचितच घालून दिली आणि अशा उत्तरांवर निमूटपणे लाल फुली मारत राहिलो, हे कबूल करतो.

उपाय अगदी साधा आहे. गिरणीवर एक शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक दळणाचे वजन, दर आणि रक्कम त्याने अंकांत मांडायची, पण त्याआधी अदमास तोंडाने सांगायचा: तीन साहे अठरा, म्हणजे उत्तर अठराच्या थोडे पुढे असणार. ही सवय लागलेला मुलगा १९५ लिहून पुढच्या उदाहरणाकडे जाणार नाही, कारण एवढ्या दळणाचे १९५ रुपये मागितले तर आजी काय म्हणतील हे त्याला ठाऊक आहे. पुढे दळणाआधीचे आणि नंतरचे वजन लिहायला सांगा. त्यातून निघालेली घट शेकड्यात मांडली की शेकडेवारीचा धडा घरीच पक्का होतो. ती वही त्याच्या वर्गशिक्षकांना अवश्य दाखवा.

उत्तर २: पहिली पिढी

गुरुजींची वहीची सूचना मला मान्य आहे, पण गिरणीचे फार कौतुक होऊ नये म्हणून लिहितो. मी स्वतः दहावीपर्यंत वडिलांच्या भाजीच्या गाडीवर बसलो. हिशोब उत्तम येत असे, माणसेही ओळखता येऊ लागली. मात्र इंग्रजी आणि विज्ञान यांपैकी काहीही गाडीवर मिळाले नाही आणि ते भरून काढण्यात माझी पुढची पाच-सहा वर्षे गेली. बाहेरच्या शिक्षणाचे गुणगान बहुधा अशी माणसे करतात, ज्यांच्या पदरात शाळेचे शिक्षण आधीच पडलेले असते. शिवाय गिरणीवर एका दराने गुणण्याचे काम महिनाभरात येते. त्यापुढचे तास ही मदत असते, शिक्षण नव्हे.

आपला मुलगा सातवीत आहे, म्हणून एक नेमकी गोष्ट सांगतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे एनएमएमएसची परीक्षा असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आणि सातवीतील किमान गुणांची अट असते, त्यामुळे हे वर्ष सोडून देण्यासारखे नाही. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या प्रत्येकी ९० गुणांच्या असतात आणि त्यांचा सराव जुन्या प्रश्नपत्रिकांवर करता येतो. त्यासाठी महागडा क्लास लागतोच असे नाही. फॉर्मची तारीख मात्र मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन विचारा.

आणि गिरणीच्या फिरत्या पट्ट्याजवळ त्याला मुळीच उभे करू नका. काट्यापाशी बसवा.

उत्तर ३: वाचनालयातून

मी एका लहान सार्वजनिक वाचनालयात काम करते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी, 'अ' पासून सर्वांत लहान 'ड' वर्गापर्यंतची वाचनालये खेड्यांतही आहेत, पण पालक तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांपुरतेच बघतात. आपल्या गावात असे वाचनालय असेल, तर मुलाला आठवड्यातून एकदा एकटे पाठवा आणि त्याने आणलेल्या पुस्तकावर मत देऊ नका. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. आमच्याकडे त्याचे जुने अंक नव्यापेक्षा जास्त फाटलेले आहेत, यावरून काय ते समजा. बालविभागाचे कपाट कुलूपबंद दिसले, तर चावी मागायला संकोच करू नका. आमच्याकडे दोन वर्षे ते बंदच होते, कारण कोणी मागितलेच नव्हते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: गिरणीवाली

सर्वांचे आभार. घरी बोलणे झाले. क्लास तूर्त लावलेला नाही. गिरणीवरचे दोन तास कमी करून पाऊण तास ठेवला आहे आणि पट्ट्याच्या बाजूला यजमानच उभे राहतात. शनिवारी तो वाचनालयात जाऊन आला. मुख्याध्यापकांना सोमवारी भेटणार आहे.

वही कालपासून सुरू केली. पहिल्या अडीच किलोच्या दळणाला त्याने २.५ लिहिले, मग काट्याकडे पाहून खोडले आणि २.५०० लिहिले. काट्यावर असे लाल आकडे तो दोन वर्षांपासून रोज वाचतो आहे, पण ते आणि पुस्तकातले दशांश एकच आहेत हे त्याच्या डोक्यात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते. नंतर त्याने मला विचारले की पुस्तकात ती दोन शून्ये गाळतात, तर काट्यावर ती कशासाठी ठेवतात. ग्रॅमसाठी असतील, असे मी म्हणाले. मग पाच ग्रॅम कमी असले तर काय दिसेल, असे त्याने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता डब्यातून चिमूट-चिमूट पीठ काढायला बसला.