टाकसाळीच्या सनदेचा काळ कसा ठरवायचा

एकांनी विचारलंय, की टाकसाळीच्या नेमणुकीच्या मोडी कागदावर साल आकड्यात नाही, मग काळ कसा ठरवायचा? पेशवाईतल्या कागदांत साल बहुधा सुहूर सनाचं (तेव्हाची एक कालगणना), अरबी शब्दांत आणि एककापासून लिहिलेलं असतं. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, झाले ११७२. हा सन मृगाला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवा. इथे १७७१-७२ येतं. कागदावर ‘छ’ या अक्षरापुढे असते ती मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख.

नुसत्या नाण्यांवरून भागत नाही. आपल्या चांदवडच्या होळकरी रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ आणि नाव मुघल बादशहाचं! टाकसाळ प्रत्यक्ष कोणाच्या हाती होती, हे कागदच सांगतो. तेव्हा नाशिककरांनो, वाड्यातले जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, कृपा करून रद्दीत घालू नका, अगदी पोटतिडकीने सांगतोय.

आणि फोटो काढताना कागदाचा तळ कापू नका. मजकूर संपतो तिथला मोर्तबाचा लहान शिक्का दिसायलाच हवा. खाली कोणी जादा ओळ घुसडू नये म्हणून तो उमटवत.