झीनाचा भूतकाळ

कुणीतरी म्हटलंय की 'झीना : वॉरियर प्रिन्सेस' या टीव्ही मालिकेत, एकेकाळी क्रूर सेनानी असलेल्या झीनाच्या भूतकाळाचे जे फ्लॅशबॅक येतात, ते म्हणजे तिच्या क्रौर्याला दिलेली सबब. मला हे अजिबात पटत नाही.

'डेस्टिनी' भागापुरतं ते मानता येईल. रोमन सेनानी सीझर तिचा विश्वासघात करतो, क्रुसावर चढवून पाय मोडायला लावतो. मग तिला वाचवणारी मलीला नावाची तरुणी तिच्यासाठी बाण झेलून मरते, आणि त्याच क्षणी झीनाचा चेहरा बदलतो. झीनाची भूमिका करणाऱ्या लुसी लॉलेसने तिथे आरडाओरडा केलेला नाही. नजर विझत जाते एवढंच. मला तो भाग बघून रात्री झोप लागली नव्हती.

पण पुढे बघा ना! 'द डेट' (The Debt) या भागात चीनमधली लाओ मा तिला आसरा देते, दुसरी वाट दाखवते, तरी ही बया ती वाट धरत नाही. आणि चौथ्या सीझनमध्ये तर ती अ‍ॅमेझॉन या लढवय्या बायकांच्या टोळीतल्या म्होरक्यांना मारून त्यांची प्रेतं झाडांना टांगते. यात कसली आलीय सबब?

शिवाय झीनाची कट्टर शत्रू कॅलिस्टो आहेच. झीनाच्या सैन्याने सिरा गाव जाळलं, त्यात कॅलिस्टोचं घरदार गेलं. म्हणजे सीझरने झीनाचं जे केलं, तेच झीनाने एका लहान पोरीचं केलं. कॅलिस्टो समोर उभी राहिली की झीनाकडे उत्तर नसतं, आणि लेखकांनीही तिला ते आयतं दिलेलं नाही. म्हणून तर मला ही मालिका इतकी जवळची वाटते.